नायकाच्या तोंडी बिराजदार

नायक बोलत नाही, हे प्रभु बिराजदारांना कळलं ते रविवारी दुपारी जेवताना, आणि भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला.

"बोलत नाही म्हणजे? मुका आहे?"

"मुका नाही, पप्पा," उर्वी म्हणाली. "नुसता बोलत नाही."

"मग मुकाच की!"

"कुणाचा मुलगा?" आमटी वाढता वाढता दाक्षायणीनं विचारलं. लेकीला कुठलं तरी स्थळ सांगून आलंय, असा तिचा समज झाला होता.

नायक कुणाचाच मुलगा नव्हता. तो उर्वीनं आणि तिची मैत्रीण आफरीन हिनं तयार केलेल्या कॉम्प्युटर गेममधला वाटसरू होता. दोघी वर्षभर बिराजदारांच्या मागच्या खोलीत बसून हा गेम घडवत होत्या. नाव 'तळं'. एका तटबंदीच्या गावाचं पाणी मांत्रिकानं बांधून ठेवलंय, आणि बाहेरून आलेला वाटसरू दारोदार जाऊन, माणसांशी बोलून, त्यांची कामं करून, अधूनमधून कुणाशी दोन हात करून ते पाणी सोडवतो, अशी गोष्ट. ही कल्पना सुचली कशी, असं विचारलं की आफरीन म्हणायची, "अंकल, सकाळी नळाकडं बघत बसलं की आपोआप सुचतंय."

अशा गेमात खेळणारा नुसता बघत बसत नाही, तोच ते पात्र होतो. समोरचा काहीतरी विचारतो, पडद्यावर तीन उत्तरं उमटतात, त्यातलं एक आपण निवडायचं. जसं उत्तर, तसं पुढचं नशीब. गावातल्या माणसांना आवाज होते; उर्वीच्या कॉलेजमधल्या मुलामुलींनी ते दिले होते. आवाज नव्हता तो फक्त नायकाला.

"मुद्दामच नाही दिला," उर्वी समजावून सांगू लागली. "खेळणाऱ्याला वाटलं पाहिजे, की हा मीच. त्यानं तोंड उघडलं, की तो दुसराच कुणीतरी होतो."

"अगं, पण गावात सगळे बोलतात आणि हा एकटा गप्प! लोक म्हणतील, शिष्ट आहे. पाणी देतील का याला?"

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बिराजदार एका विमा कचेरीत हेडक्लार्क होते, पण ते पोटापुरतं. त्यांची खरी ओळख सूत्रसंचालक अशी होती. जुळे सोलापुरातला साखरपुडा असो, सेवानिवृत्ती असो की गणपतीपुढच्या स्पर्धा असोत, माइक बिराजदारांच्या हाती. चमचा-लिंबूच्या बक्षीस समारंभातसुद्धा 'आयुष्याच्या चमच्यात कर्तृत्वाचं लिंबू' तोलून धरण्याची त्यांची ताकद होती. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच वीजबिलावर, एक नायक वर्षभर वाढावा आणि तो बिनआवाजाचा निघावा, याला काय म्हणायचं?

"मी देतो आवाज," बिराजदार म्हणाले. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून त्यांनी तो विषय आपल्यापुरता संपवून टाकला.

उर्वी आणि आफरीन मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ कुजबुजल्या. पुण्याची एक कंपनी सोलापुरात नव्या गेमांचं प्रदर्शन भरवणार होती. तिथे 'तळं'चा पहिला भाग आवडला, तर पुढचा करायला कंपनी पाठबळ देणार होती. नाही आवडला, तर उर्वीनं बेंगळुरूची नोकरी धरायची, असं घरात ठरलं होतं. म्हणजे ही वेळ प्रयोग करायची नव्हती. पण वडलांना नाही म्हणायचं कसं? आवाज हा बिराजदारांचा हळवा कोपरा होता. शेवटी आफरीन म्हणाली, "करून तर बघू की. कुणाला माहीत, चांगलं पण होईल."

पुढं जे झालं त्याला ही माणुसकीच कारणीभूत आहे.

ध्वनिमुद्रणासाठी शांत जागा लागते. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये शांत जागा एकच असते, ती म्हणजे कपाट. दाक्षायणीच्या साड्या पलंगावर आल्या, कपाटाची दारं उघडली गेली, आणि आफरीनचे वडील इमामसाब, ज्यांचा चादरींचा व्यापार होता, रिक्षात चादरींचा गठ्ठा घालून स्वतः हजर झाले. "आवाज चादरीत मुरतो, बिराजदारसाब," ते म्हणाले. "जाड घ्या. पातळ चादरीतनं आवाज पण जातो, थंडी पण जाते." कपाटाच्या दोन दारांवर एक पडदा-दांडी आडवी टाकून त्यावर चारी बाजूंनी चादरी सोडल्या. मध्ये स्टुलावर बिराजदार, समोर माइक. पंखा बंद, कारण पंखा ऐकू येतो. दिवस उन्हाळ्याचे. पहिल्या दिवशी ते इस्त्रीच्या सदऱ्यात बसले, दुसऱ्या दिवशी बनियनवर, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी खोलीत कुणी डोकावू नये अशी सक्त ताकीद दिली.

पहिलंच वाक्य होतं, "पाणी मिळेल का?" बिराजदारांनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "हे फारच कोरडं आहे." आणि माइकमध्ये त्यांनी धीरगंभीर आवाजात म्हटलं, "हे माते! या तृषार्त पांथस्थास ओंजळभर जीवन मिळेल काय?"

"पप्पा, समोर म्हातारी नाहीये. पानटपरीवाला आहे."

"मग 'हे बंधो' करतो."

सोसायटीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. कपाटाला लागून जी भिंत होती, तिच्यापलीकडं सोसायटीचे सेक्रेटरी जोतिराम माने राहायचे. ते मूळचे टेंभुर्णीचे. ते एका संध्याकाळी येऊन सोफ्यावर बसले आणि त्यांनी थेट विषयच काढला.

"बिराजदार, भिंतीतनं ऐकतोय मी. राग मानू नका, पर असलं कोण बोलतंय वो? वाटंनं आलेला माणूस हाय ना त्यो? मग त्यो म्हनंल, 'पानी हाय का वो हितं?' संपलं की!"

बिराजदारांना राग आला, पण मुद्दा पटला. त्यांनी सगळं पुन्हा जोतिरामांच्या बोलीत म्हटलं. उर्वीनं ते ऐकलं. खाली चौकात कुणी नक्कल करतंय, असंच ते वाटत होतं.

मग खालच्या मजल्यावरच्या गौरम्मा आल्या. त्यांचं माहेर दुधनीचं. त्यांचं मराठी कानडीच्या चालीवर चालायचं. "येन्री बिराजदार, तळ्याला जाणारा माणूस म्हणे. मग आमच्याकडची माणसं भेटणारच की त्याला! त्यांच्याशी कन्नड बोलायला नको? आणि तुमचं बिराजदार आडनाव आमच्याकडचं असून त्याला एक अक्षर येऊ नये? लोक काय म्हणतील?" बिराजदारांचं कन्नड बाजारापुरतं होतं, पण हे चारचौघांत कबूल करणं अवघड. त्यांनी वाटसरूच्या तोंडी कन्नड घातलं. चादरी परत कधी मिळणार हे बघायला आलेल्या इमामसाबांनी बाजारातल्या प्रसंगासाठी थोडी दखनी उर्दू सुचवली. तीही घातली.

अडचण अशी, की आपल्याकडे माणसानं तोंड उघडलं की समोरचा आधी त्याचा तालुका ओळखतो, मग म्हणणं ऐकतो. गप्प असेपर्यंत वाटसरू कुठलाही असू शकत होता. आता तो वेशीवर संस्कृत नाटकातला होता, विहिरीवर माढा तालुक्यातला, ओढ्यापलीकडं अक्कलकोटच्या बाजूचा आणि बाजारात चादरींचा व्यापारी. आफरीननं हे सगळं सलग लावून ऐकवलं तेव्हा दाक्षायणी म्हणाली, "चौघं आहेत का हे?"

"एकच आहे," बिराजदार म्हणाले. "व्यासंगी आहे."

बोलण्याचं हे इथवर. पण आवाज द्यायचा म्हणजे नुसतं बोलून भागत नाही, हे बिराजदारांना नंतर कळलं. वाटसरू उडी मारतो, तेव्हा 'हुप्'. फटका बसला की 'आऽ'. मोठा फटका बसला की मोठा. विष पोटात गेल्यावर वेगळं, उंचावरून पडल्यावर वेगळं. आणि मरायचंही होतं. खेळणारा चुकला की वाटसरू मरतो, पुन्हा उठतो, पुन्हा मरतो. प्रत्येक वेळी तोच आवाज आला तर कंटाळा येतो, म्हणून मरणंही निरनिराळी हवी होती.

"कितीदा मरायचं?" बिराजदारांनी घाम पुसत विचारलं.

"होईल तेवढं मरा, पप्पा. त्यातलं चांगलं निवडू."

आणि बिराजदार मरू लागले. वर्षानुवर्षं व्यासपीठावर दुसऱ्यांचे सत्कार करून त्यांच्या आत जे साठलं होतं, ते सगळं त्या कपाटातून बाहेर आलं. "सोड! सोड मला! नको, मारू नकोस! आईऽऽ!" चादरी जाड होत्या, पण इमामसाबांचा अंदाज साध्या बोलण्यापुरता होता.

समोरच्या इमारतीत नव्यानं राहायला आलेल्या कुणीतरी पोलिसांना फोन केला.

दारावर आलेल्या महिला पोलीस हवालदारांचं नाव हेमावती, असं त्यांच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं. दार दाक्षायणीनं उघडलं. चपात्या चालल्या होत्या, म्हणून तिच्या हातात लाटणं होतं. याला दुसरं काही कारण नव्हतं. पण हेमावतीबाईंनी लाटण्याकडं पाहिलं, आतून आलेला "मेलो गं आई" ऐकला आणि दाक्षायणीला शांतपणे बाजूला व्हायला सांगितलं. त्या आतल्या खोलीत गेल्या. चादर सरकवली. बनियनवरचे बिराजदार, घामानं निथळत, कपाटात बसलेले.

"बाहेर या, साहेब," हेमावतीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "घाबरू नका. पुरुषांच्या पण तक्रारी घेतो आम्ही. कपाटात किती वेळ कोंडलंय?"

"मी स्वतःहून बसलोय!" बिराजदार कडाडले.

"असंच म्हणतात सगळे," हेमावतीबाई सहानुभूतीनं म्हणाल्या.

उर्वीनं सगळं समजावून सांगितलं. वाटसरू दाखवला, मांत्रिक दाखवला. हेमावतीबाईंना पटलं, पण काहीतरी लेखी हवंच होतं. शेवटी हेडक्लार्क प्रभु बिराजदारांनी, ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब तपासले, स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं, की मी कोणाच्याही दबावाखाली नसून स्वखुशीने ओरडलो आहे. साक्षीदार म्हणून जोतिरामांनी सही केली आणि सही करता करता विचारलं, "पुन्हा ओरडणार का? म्हंजे तसं पन लिवून घ्या की, बाई."

पोलीस येऊन गेल्यावर सोसायटीला गप्प बसणं शक्य नव्हतं. फलकावर सूचना लागली : 'निवासी सदनिकेत व्यावसायिक ओरडणे नियमबाह्य आहे.' बिराजदार तणतणत जोतिरामांकडं गेले.

"व्यावसायिक कसं? मला एक पैसा मिळत नाही यात!"

"मग हौशी म्हनून अर्ज करा की. कमिटीपुढं ठेवतो."

कमिटीनं अर्जावर एक संध्याकाळभर विचार केला. ओरडण्याचा प्रकार कोणता, कारण कोणतं, ओरडणाऱ्याचं वय काय, अशी चौकशी झाली. गौरम्मांनी अर्जदाराच्या बाजूनं बोलताना सांगितलं, की पिठाच्या गिरणीपेक्षा हे बरं, यात निदान गोष्ट तरी आहे. परवानगी मिळाली, पण दोन अटींवर. दुपारच्या झोपेच्या वेळी मरायचं नाही, आणि मरायच्या आधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवायचं. त्यामुळं त्या आठवड्यात ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मध्येमध्ये अशा सूचना दिसू लागल्या : 'आज सायंकाळी बिराजदार यांच्या मरण्याचे ध्वनिमुद्रण आहे. कृपया घाबरू नये.'

याचा परिणाम बिराजदारांना लवकरच भोगावा लागला. उंचावरून पडण्याचा आवाज काढताना भावनेच्या भरात ते स्टुलावर उभे राहिले, तोल गेला, हात चादरीत अडकला, आणि दांडीसकट चारी चादरी घेऊन ते खाली आले. उर्वी आणि आफरीन खाली दूध आणायला गेल्या होत्या, दाक्षायणी गच्चीवर होती. चादरींच्या ढिगाखालून बिराजदार खरोखरच ओरडले, "अहो, कुणीतरी या! मी अडकलोय! वाचवा!"

खालच्या खिडकीतून गौरम्मांचा आवाज आला, "आजचं लई चांगलं झालं हो, बिराजदार! अगदी खरं वाटलं!"

आणि भिंतीपलीकडून जोतिरामांनी चार टाळ्या वाजवल्या.

दाक्षायणी खाली येईपर्यंत ते तसेच पडून होते. गुडघा सुजला, पण त्याहून मनाला जास्त लागलं. खोट्या मरणाला पोलीस येतात आणि खऱ्या पडण्याला टाळ्या, हे त्यांनी आयोडेक्स लावून घेताना दाक्षायणीला दोनदा सांगितलं.

एवढं सोसून ध्वनिमुद्रण पार पडलं. आता कुणाला तरी खेळायला बसवून बघायला हवं होतं. यासाठी माजिदा आल्या, आफरीनची आई. इमामसाबांच्या घरात सगळ्यात कमी बोलणारं माणूस म्हणजे माजिदा, आणि 'तळं' सगळ्यात जास्त कुणी खेळलं असेल तर त्यांनी. वाटसरू गप्प होता तेव्हापासून त्या घरची कामं आवरून बसायच्या आणि मन लावून खेळायच्या. गावातल्या एका चिडक्या सुताराशी त्यांनी इतक्या सबुरीनं घेतलं होतं, की त्यानं त्यांना फुकट होडी दिली. ती होडी आजवर दुसऱ्या कुणालाच मिळाली नव्हती.

त्या खुर्चीवर बसल्या. बिराजदार चहाचा ट्रे घेऊन दाराशी आले आणि तिथेच थांबले. आपली पहिली रसिक श्रोती. आत जाऊन तिची तंद्री का मोडा?

पडद्यावर एका म्हाताऱ्या बाईनं वाटसरूला विचारलं, "माझा लेक परत येईल का रे?" तीन उत्तरं आली. माजिदांनी बराच विचार केला आणि सगळ्यात लहान निवडलं : 'माहीत नाही, आई.'

आणि बिराजदारांचा आवाज खोलीभर दुमदुमला, "माहीत नाही, आऽई! नियतीच्या उदरात काय दडले आहे, हे कोणास ठाऊक!"

माजिदा दचकल्या. त्यांनी आधी खिडकीकडं पाहिलं, मग पलंगाकडं. मग हळूच माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"काय झालं, अम्मी?" आफरीननं विचारलं.

"मैं ऐसा नै बोली," माजिदा म्हणाल्या. थोड्या वेळानं मराठीत म्हणाल्या, "मी तिला हळू सांगणार होते. जवळ बसून. हे तर भाईसाबच बोलायलेत. मग त्यांनाच खेळू दे ना, मी कशाला?"

"आवाज वाईट आहे का?" उर्वीनं विचारलं.

"नै नै, आवाज लई मोठा है. पण मला जागाच नाही राहिली त्यात."

ट्रेमधल्या कपबशा वाजल्या. सगळ्यांनी वळून पाहिलं. माजिदांनी घाईनं ओढणी डोक्यावर घेतली. बिराजदारांनी चहा टेबलावर ठेवला, प्रत्येकाला कप दिला, साखर विचारली. मग व्यासपीठावरून एखादा पाहुणा आला नाही हे जाहीर करावं, तशा सरळ आवाजात म्हणाले, "उर्वी, काढून टाक ते."

"पप्पा, थोडं हळू म्हणून बघू या का..."

"नको. काढ."

त्यानंतर ते गप्प झाले. चिडून नव्हे, नुसते गप्प. जोतिरामांच्या साडूच्या सेवानिवृत्तीचं सूत्रसंचालन त्यांनी घशाचं कारण सांगून नाकारलं. तो कार्यक्रम माइकशिवाय झाला आणि वेळेवर संपला, हेही त्यांच्या कानावर आलं.

उर्वीला रात्रंदिवस तेच टोचत होतं. प्रदर्शन तोंडावर आलं होतं. आवाज काढला, वाटसरू पुन्हा गप्प झाला. पण आता तो पहिल्यासारखा वाटेना. म्हातारी लेकाचं विचारायची आणि हा खांबासारखा उभा. पप्पा म्हणाले होते तेही खोटं नव्हतं : शिष्ट वाटत होता. बोलला तर खेळणाऱ्याला जागा नाही, न बोलला तर समोरच्याला माणूस नाही.

एका दुपारी आफरीन ध्वनिमुद्रणाचं जुनं सगळं पुसून टाकत होती. दोन वाक्यांच्या मध्ये माइक चालूच राहायचा. त्या मधल्या जागेत स्वयंपाकघरातून दाक्षायणीचं बोलणं बारीक ऐकू यायचं : "अहो, गौरम्माच्या पुतणीचं जमलं म्हणे." आणि माइकजवळून बिराजदारांचं उत्तर, "हं." "दूधवाला पाणी घालायला लागलाय." "हं!" "तुमच्या बहिणीचा फोन आला होता." "हं..." "मी गेले तर कळंल तुम्हाला." "हं?"

आफरीनचा हात थांबला. तिनं उर्वीला हाक मारली. दोघींनी पुन्हा ऐकलं. मग आफरीननं म्हातारीचं वाक्य लावलं, "माझा लेक परत येईल का रे?" आणि त्यामागं, बहिणीच्या फोनवरचा तो लांबलेला, ओशाळलेला "हं..." जोडला.

माजिदांना फोन करून ऐकवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "हां. असंच."

आता वडलांना विचारायचं काम उरलं. उर्वीनं त्यांना ऐकवलं. बिराजदारांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या एवढ्या वर्षांच्या साधनेतून," ते सावकाश म्हणाले, "तुम्हाला 'हं' मिळाला."

"पण पप्पा, तो फार चांगला आहे."

"आणि मी एवढ्यांदा मेलो, ते?"

"मरणं ठेवतोय. दोन."

बिराजदारांनी खिडकीबाहेर बघितलं. "वापरा," ते म्हणाले. "नाव लिहिताना बिराजदारमधल्या 'रा'चा काना विसरू नका. कचेरीत चुकतात."

प्रदर्शन एका कॉलेजच्या सभागृहात होतं. सोसायटीतली माणसं येणारच होती. पोलिसांपासून कमिटीपर्यंत सगळं त्यांनी सोसलं होतं. बिराजदार इस्त्रीच्या सदऱ्यात मागं, खांबाला टेकून उभे राहिले. ते येणार नव्हते, पण घरी एकटं बसणं त्याहून अवघड होतं.

पहिल्या गौरम्मा बसल्या. वेशीवरच्या पहारेकऱ्यानं दरडावून विचारलं, "कुठला रे तू?" वाटसरू म्हणाला, "हं..."

"दुधनी!" गौरम्मांनी पहारेकऱ्याला मोठ्यानं सांगितलं. "आणि दरडावतोस कुणाला रे?"

मग जोतिराम बसले. पहारेकऱ्यानं तेच विचारलं, वाटसरूनं तेच उत्तर दिलं, आणि जोतिराम पडद्याला म्हणाले, "टेंभुर्णीचा हाय मी. उघड की दार!" पुढं कॉलेजची पोरं बसली, कुणाच्या तरी आत्याबाई बसल्या. म्हातारीनं लेकाचं विचारलं तेव्हा आत्याबाई "येईल गं, येईल" म्हणाल्या आणि मग इकडंतिकडं बघून लाजल्या. वाटसरू मध्येमध्ये हं म्हणत राहिला आणि बाकी सगळं बोलणं माणसंच करत राहिली.

पुण्याच्या कंपनीच्या बाई पडद्याकडं कमी आणि खेळणाऱ्यांच्या तोंडाकडं जास्त बघत होत्या. खूप वेळानं त्यांनी उर्वीला विचारलं, "तुमचा नायक बोलत नाही, पण मुका पण नाही. आवाज कुणाचा आहे?"

उर्वीनं खांबाकडं बोट केलं. बाई थेट बिराजदारांपुढं जाऊन उभ्या राहिल्या. मागं गौरम्मा, जोतिराम, इमामसाब, दाक्षायणी, सगळे गोळा झाले.

"फार सुंदर केलंय तुम्ही," बाई म्हणाल्या. "समोरच्याचं इतकं मनापासून ऐकून घेणारा आवाज मी फार दिवसांत ऐकला नव्हता."

दाक्षायणीला ठसका लागला. तो थांबेना, म्हणून माजिदांनी तिला बाहेर नेऊन पाणी दिलं. बाहेरून बराच वेळ दोघींच्या हसण्याचा आवाज येत होता.

'तळं'चा पुढचा भाग करायचं पक्कं झालं. बेंगळुरूला 'नाही' म्हणून कळवलं. सोसायटीच्या ग्रुपवर जोतिरामांनी अभिनंदन लिहिलं आणि खाली 'पुढील भागासाठी परवानगी वेगळी घ्यावी' अशी पुस्ती जोडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बिराजदार पेपर वाचत बसले होते. दाक्षायणी समोर भेंडी निवडत होती. बोलता बोलता तिनं विचारलं, "वाईट वाटलं का हो तुम्हाला? एवढं सगळं बोललात, ते काढून टाकलं त्याचं?"

"हं," बिराजदार म्हणाले.

"हे नका देऊ मला," दाक्षायणी म्हणाली. "हे पुण्यापर्यंत गेलंय. सगळ्यांना माहीत झालंय. बोला काहीतरी."

बिराजदारांनी पेपर खाली ठेवला. घसा साफ केला. नियती आठवली, आयुष्याचा चमचा आठवला, एकदोन सुभाषितं जिभेच्या टोकावर आली आणि परत गेली. दाक्षायणी भेंडी हातात धरून थांबली होती. इतका वेळ कुणी त्यांच्या वाक्याची वाट पाहिल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"वाटलं," ते म्हणाले. "माजिदाबाई बोलल्या तेव्हा जास्त वाटलं. कारण त्यांचं बरोबर होतं."

आवाज अगदी लहान निघाला. भिंतीपलीकडं जोतिरामांना तो गेला नसावा.

दाक्षायणीनं मान हलवली. अर्धी भेंडी ताटात काढून तिनं त्यांच्यापुढं सरकवली, आणि बिराजदार देठं खुडू लागले. "आणि तो गुडघा," थोड्या वेळानं ते आपणहून म्हणाले, "अजून दुखतोय."